कागद कुठे आहे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'सरकारी दप्तर आणि देशाचा विकास'. विषय फलकावर लिहिला तेव्हा दोन-तीन जण मागच्या खुर्च्यांकडे सरकले, ते मी पाहिलं. त्यांचा दोष नाही. दप्तर म्हटलं की धूळ, वाळवी आणि 'उद्या या' एवढंच डोळ्यांसमोर येतं. बँकेतसुद्धा रेकॉर्ड रूममध्ये कुणी हौसेने जात नसे. नवीन लागलेला शिपाई किंवा मॅनेजरशी वाजलेला क्लार्क, यांची तिथे रवानगी व्हायची. पण आज मी तुम्हाला देशापासून सुरुवात करून दमवणार नाही. आपल्या सोसायटीच्या लेटरहेडपासून सुरुवात करू.

आपला नोंदणी क्रमांक बघा. तो 'टीएनए' या अक्षरांनी सुरू होतो. टीएनए म्हणजे ठाणे. आपण राहतो पालघर जिल्ह्यात, पण नोंदणी झाली तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आपली महानगरपालिकाही तेव्हा नव्हती. नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती, घरपट्टी तिथे भरायचो. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि आपली अशा चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली. शिवाय १९९० पासून वीसेक वर्षं वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचं काम सिडकोकडे होतं. म्हणजे पंचवीस वर्षांत आपली इमारत जागची हलली नाही, पण तिचे कागद मात्र एका कार्यालयातून दुसऱ्यात, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, टेम्पोने हिंडले. जिल्हा विभागला की नकाशावर एक रेघ ओढली जाते, ते सोपं. त्या रेघेबरोबर हजारो फायली मोजून, यादी करून, सही घेऊन हलवायच्या, ते अवघड. आणि त्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

हे आत्ता का काढतोय? कारण आपलं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे, पण पुन्हा सांगतो. फ्लॅट आपले, पण इमारतीखालची जमीन कागदोपत्री अजून आपल्या सोसायटीच्या नावावर नाही. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे ती बिल्डरने करून द्यायची असते. त्याने नाही दिली तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे आपण ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्याची, सोय झाली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. अर्जाला काय लागतं? सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, करारनामे आणि त्यांचे इंडेक्स टू, सभासदांची यादी. उद्या पुनर्विकासाची वेळ आली की हीच यादी पुन्हा समोर येणार, कारण जमीन ज्याच्या नावावर तो बोलणार, आपण ऐकणार. इमारत पंचवीस वर्षांची झाली आहे. पुढची पंचवीस ती अशीच उभी राहील असं इथल्या पावसाकडे बघून कुणी म्हणणार नाही.

या कागदांसाठी आपली समिती गेली दोन वर्षं फिरते आहे. एका कार्यालयात (नाव घेत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती) त्यांनी सांगितलं, 'ते दप्तर आमच्याकडे आलंच नाही.' ज्यांच्याकडून यायचं होतं त्यांनी सांगितलं, 'आम्ही केव्हाच पाठवलं.' दोघंही खरं बोलत असतील. पाठवताना यादी केली का, पोच घेतली का, हे कुणालाच सांगता येईना. याउलट दुसऱ्या ठिकाणी एका अभिलेखपालाने आपल्याकडून फक्त गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि साल विचारलं, आत गेला आणि वीस मिनिटांत बिनशेतीच्या आदेशाची फाईल घेऊन बाहेर आला. सालावार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी, बस्स. त्या वीस मिनिटांत आणि त्या दोन वर्षांत जो फरक आहे, तोच आजचा विषय आहे.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे की व्हाउचरशिवाय पैसा हलत नाही. प्रत्येक व्हाउचरवर करणाऱ्याची सही, पास करणाऱ्याची सही, तारीख. संध्याकाळी डे-बुक जुळलं नाही तर साडेतीन रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसायचो. घरचे म्हणायचे, खिशातून घाला आणि या. पण फरक साडेतीन रुपयांचा नसायचाच. कुठल्या तरी खात्यात काहीतरी चुकीचं लिहिलं गेलंय, ही त्यातली भीती. दहा वर्षांनी तक्रार आली तरी आम्ही दाखवू शकायचो की अमुक तारखेला अमुक माणसाने हा पैसा दिला. बँकेच्या खतावणीच्या प्रमाणित उतार्‍याला कोर्टात पुरावा मानतात, त्यासाठी १८९१ चा स्वतंत्र कायदा आहे. हा मान बँकवाल्यांच्या चेहऱ्याला नाही, रोज जुळवलेल्या वहीला आहे.

सरकारी फाईल म्हणजे तरी दुसरं काय? तिच्यात दोन भाग असतात. एकात पत्रव्यवहार, दुसऱ्यात टिपणी. पत्रव्यवहारातून कळतं काय ठरलं. टिपणीतून कळतं कुणी ठरवलं, कुणी विरोध केला, कुणी 'चर्चा करावी' असं लिहून चेंडू टोलवला. लोकशाहीत आपण पाच वर्षांनी मत देतो, ते ठीक. पण मधल्या काळात 'हे का केलंत?' असं विचारायचं तर हातात ती टिपणीच हवी. नाहीतर मंत्री म्हणणार अधिकाऱ्याने केलं, अधिकारी म्हणणार वरून सांगितलं, आणि आपण घरी येऊन सरबत पिणार.

म्हणूनच ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो आधी कागदावर हात घालतो. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचं प्रकरण आठवा. आपल्यासारखीच कागदोपत्री एक सहकारी गृहनिर्माण संस्था! २०१० मध्ये ते गाजलं आणि थोड्याच दिवसांत मंत्रालयात नगरविकास खात्याच्या फायलीतली काही पानं गायब असल्याचं उघड झालं. एकतीस मजली इमारत कुणाला लपवता आली नाही, पण पानं गेली. पुढे २१ जून २०१२ ला मंत्रालयालाच आग लागली. त्यात माणसं गेली, ते सगळ्यात वाईट. जळालेल्या फायली मग इतर कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. ज्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, ते गेलं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही, उलट भरपूर आहेत. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी केला; केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्या कायद्याचं चौथं कलम फार लोक वाचत नाहीत. आपण दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत लक्षात ठेवतो. पण चौथं कलम सांगतं की प्रत्येक कार्यालयाने आपलं दप्तर नीट सूचीबद्ध करून ठेवायचं. ते आधी, मग माहिती. विहिरीत पाणी नसेल तर पोहरा कितीही चांगला असून काय उपयोग? त्याच २००५ साली महाराष्ट्राने सार्वजनिक अभिलेखांचाही कायदा केला. सरकारी कागद बेकायदा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि फाईल एका टेबलावर सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं सांगणारा दफ्तर दिरंगाईचा कायदाही आहे. 'फाईल सापडत नाही' हे उत्तर चालणार नाही, ती शोधा आणि हरवली असेल तर जबाबदार कोण ते ठरवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. अर्ज करून 'सापडत नाही' असं उत्तर घेऊन गप्प बसलेले आपल्यात चार-पाच जण तरी असतील. त्यांनी पहिलं अपील करावं, एवढंच सुचवतो.

पण कायद्याने गठ्ठे बांधले जात नाहीत. ते माणूस बांधतो. महसूल खात्यात एक जुनी पद्धत आहे, कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी. 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षं, 'क' मध्ये दहा आणि पाच वर्षांचे, 'ड' वर्षभराने फाडायचे. साधी गोष्ट आहे. कोणता कागद फाडायचा हे ठरलेलं नसलं की भीतीपोटी सगळेच ठेवले जातात, आणि मग हवा तो सापडत नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी आपल्या कार्यालयात साठलेल्या दप्तराची छाननी करायला लावली. ठेवायचं ते वर्गवारीने मांडलं, नष्ट करायचं ते केलं, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या टेबलाचं काम लिहून काढलं. पुढे तो 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला. यात कुठलं यंत्र नव्हतं, कॉम्प्युटर तर नव्हताच. माझ्या मते महाराष्ट्राच्या कारभारात झालेल्या मोठ्या सुधारणांमध्ये ती धरायला हवी. पण धरणं आणि पूल यांचे फोटो निघतात, गठ्ठ्यांचे निघत नाहीत.

आता विकासाचं. इथे मी बँकवाला म्हणून बोलतो. कर्ज देताना आम्ही माणूस बघायचो, पण लिहायचो कागद. खेड्यात चांगलं दगडी घर, शंभर वर्षं त्याच घराण्याकडे, सगळं गाव सांगतं घर यांचंच. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, आणि गावठाणाची मोजणी झालेली नसेल तर मिळकत पत्रिकाही नसते. मग त्या घरावर मुलाच्या शिक्षणाला कर्ज कसं देणार? घर आहे, पण पैशाच्या दृष्टीने मुकं. हल्ली ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. त्याचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात झाला आणि २०२० पासून 'स्वामित्व' नावाने ती योजना देशभर गेली. एक नोंद झाली आणि मुकं घर बोलायला लागलं. रोजगार हमीचंही तसंच. योजना महाराष्ट्राची, वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली. पुढे सगळ्या देशाने घेतली. तिचा जीव कशात होता? हजेरीपटात. हजेरीपट खोटा असेल तर पैसे सरकारचे गेले, मजुराला मिळाले नाहीत, आणि कागदावर मात्र रस्ता झाला. राजस्थानातल्या मजुरांनी १९९० च्या दशकात त्या हजेरीपटाचीच प्रत मागितली, आणि त्यातून माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली. शिकलेल्या माणसांच्या आधी मजुरांनी ओळखलं की भांडण कागदाशी आहे.

बँकांचंही सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकून ठेवलं. एकच फ्लॅट तीन बँकांकडे गहाण, असे प्रकार मुंबई परिसरात पुष्कळ झाले. कारण मूळ करारनामा ठेवून घेतला की गहाण पूर्ण, आणि रंगीत झेरॉक्सच्या जमान्यात मूळ कुठला हेच कळेना. एका बँकेचं गहाण दुसरीला दिसायचं नाही. २०११ मध्ये 'सरसाई' नावाची केंद्रीय नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक गहाण तिथे नोंदवावं लागतं. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत देण्यासाठी ताटकळत ठेवणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून वेसण घातली आहे. तीस दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये ग्राहकाला. आपल्या इमारतीत ज्यांची कर्जं नुकतीच फिटली त्यांनी हे लक्षात ठेवावं. मी निवृत्त झाल्यावर हा नियम आला, याचं मला थोडं वाईटही वाटतं आणि थोडं बरंही.

आता आपल्या घराजवळचं, आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या. आपण टीव्हीवर बघितलं. काहींचे नातेवाईकच तिथे होते. जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव. त्यावर बनावट कागदांच्या आधारे इमारती उभ्या केल्या, असा आरोप आहे. तिथे राहणारी माणसं चोर नव्हती. कामावर जाणारी, ईएमआय किंवा साठवलेले पैसे भरणारी, आपल्यासारखीच. त्यांच्याकडेही कागद होते. भरपूर होते. शिक्के होते, घरपट्टीच्या पावत्या होत्या. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे, कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, हे त्यांना सांगायला कुणी बसलं नव्हतं. विकास आराखडा हेही सरकारी दप्तरच. तो गुप्त नव्हता. पण फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला सर्व्हे नंबर टाकून दोन मिनिटांत आरक्षण दिसायला हवं होतं, खऱ्या परवानग्यांची यादी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लागायला हवी होती. खरा कागद बघायला जिथे हेलपाटे घालावे लागतात, तिथे खोटा कागद सहज खपतो. दप्तर नीट नसण्याची किंमत कोण भरतं? ज्याने खोटा शिक्का मारला तो नाही. सामान बाहेर काढून रस्त्यावर बसलेली बाई भरते.

यावर उपाय नाही असं नाही. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी नागरिकांना फायली प्रत्यक्ष पाहू देण्याची पद्धत सुरू केली. २०१८ मध्ये सरकारने ती राज्यातल्या जिल्हा कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांनाही लागू केली. सोमवार, दुपारी तीन ते पाच. आपल्यापैकी निवृत्त किती? मला वाटतं बावीस-तेवीस असतील. सोमवारी दुपारी आपण काय करतो ते मी सांगत नाही.

वसईला नोंदवहीचं वेड नवीन नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि वीस वर्षांत, १५५४ साली, सिमाव बोतेल्यु नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने वसईच्या महसुलाची नोंद असलेलं दप्तर तयार केलं. हेतू करवसुलीचा होता, आपल्या कल्याणाचा नव्हे. पण पावणेपाचशे वर्षांनी इथल्या गावांचा इतिहास लिहिणाऱ्याला तेच उघडावं लागतं. आपले ख्रिस्ती शेजारी सांगतील, आजोबांच्या जन्माचा दाखला कुठल्याच सरकारी कार्यालयात मिळाला नाही तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत तो सापडतो. पेशव्यांचं दप्तर पुण्यात अजून रुमालांत बांधलेलं आहे. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं तेव्हा कुणाचं वतन खरं आणि कुणाचं खोटं हे तपासायला त्याच रुमालांची गाठ सोडावी लागली. म्हणजे दप्तर राज्यकर्त्याच्या कामाचं असतं तसंच सामान्य माणसाच्याही. फक्त त्याला त्यात डोकावू दिलं पाहिजे.

आता सरकारवर एवढं बोललो, तर आपलं कपाटही उघडू. सहकारी सोसायट्यांना माहिती अधिकार सरसकट लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. पण सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमाने सभासदाला काही दप्तर पाहण्याचा हक्क आहेच. प्रश्न असा आहे की मागितलं तर आपण दाखवू शकतो का? सभासदांचं 'आय' रजिस्टर आहे, पण गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या फ्लॅटच्या नोंदी त्यात अर्धवट आहेत. नॉमिनेशनचे अर्ज एका प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. कुणाचं नॉमिनेशन कुणाच्या नावाने, हे माणूस गेल्यानंतर शोधायला लागतं आणि मग भावाभावांत काय होतं ते या इमारतीने पाहिलेलं आहे, अधिक बोलत नाही. जुलै २०१८ च्या पुरात दोन दिवस पाणी होतं, वीज नव्हती. तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटाचा खालचा कप्पा भिजला आणि पहिल्या सात वर्षांच्या इतिवृत्ताची वही लगदा झाली. तळमजल्यावर कार्यालय, कार्यालयात लोखंडी कपाट आणि कपाटात सगळ्यात जड म्हणून सगळ्यात जुनं रजिस्टर खाली. वसईतल्या शंभरातल्या नव्वद सोसायट्यांची हीच मांडणी असावी.

कार्यकारिणीने मागच्या सभेत ठरवलंय ते सांगतो. नोंदणी प्रमाणपत्र, करारनामे, सातबारा, मिळालेला बिनशेती आदेश, नकाशाची जी प्रत आहे ती, ऑडिट रिपोर्ट आणि इतिवृत्तं हा आपला 'अ' वर्ग. हे सगळं स्कॅन होणार, मूळ कागद दुसऱ्या मजल्यावर हलवणार, आणि स्कॅनच्या तीन प्रती तीन वेगळ्या सभासदांकडे. कपाट उघडलं की काय नेलं, कुणी नेलं, कधी परत आलं, त्याची साधी शंभर पानी वही राहील. समिती बदलली की नवी समिती यादीवर सही करून ताबा घेईल. बँकेत शाखा बदलताना आम्ही किल्ल्यांसकट चार्ज द्यायचो, तसंच.

यात एक अडचण उरते, ती मंजूर नकाशाची. आपल्या प्रतीत दुसऱ्या विंगचं पान नाही. वर्गखोलीएवढा तो निळा नकाशा बिल्डरने सुरुवातीला काही जणांना करारनाम्यासोबत दिला होता, असं पहिल्या खरेदीदारांपैकी दोघांनी सांगितलं. तुमच्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमखाली, जुन्या सूटकेसमध्ये कुठेतरी घडी घातलेला निळा कागद असेल. पहिल्या मालकाकडून फ्लॅट घेतलेल्यांनी त्यांना फोन करून विचारावं. पुढचे चार रविवार सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात बसणार आहे. स्कॅन करून मूळ कागद त्याच वेळी परत मिळेल, आणि पोचही देईन.